पहिल्या फील्डला निघालीस ना? मग हे ऐकून जा

अगं, बॅग भरून झाली का? झाली असेल तर उघड परत, कारण त्यातलं बरंचसं मी बाहेर काढायला लावणार आहे. उद्या पहाटे बस आहे आणि तुझ्या पोटात आत्तापासून गोळा आलाय, हे तुझ्या आवाजावरूनच कळतंय. भूशास्त्राची पहिली फील्ड टूर, जुन्नर, नाणेघाट, बोरी, निघोज असा मोठा फेरा, वर डिसेंबरची थंडी आणि मुक्काम तंबूत. मैत्रिणीचं घर सोडलं तर एक रात्रसुद्धा घराबाहेर कुठे न राहिलेल्या मुलीला धडधडणारच गं. त्यात काही वावगं नाही.

पण खरं सांगू का, फील्डचा पहिला दिवस दगडांमुळे किंवा थंडीमुळे सहसा बिघडत नाही. लपवालपवीमुळे बिघडतो. तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, कारण मग जायला लागेल. टाच चावतेय तरी बोलायचं नाही, कारण सगळे पुढे निघालेत. सरांनी सांगितलेलं डोक्यावरून गेलंय तरी मान हलवायची, कारण बाकीच्यांना समजलेलं दिसतंय. आम्ही मोठ्या मुली धाकट्या मुलींना घेऊन फील्डवर जातो तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून माझं एकच मागणं आहे तुझ्याकडे: काही वाटलं, दुखलं, अडलं की त्याच वेळी बोलायचं. आता एकेक करून सांगते.

आधी बॅग. दोन्ही खांद्यांवर नीट बसणारी सॅक घे, चाकांची बॅग घरीच राहू दे. मुरमाड वाटेवर तिची चाकं काही कामाची नाहीत. कपडे कमी, पण एक जोड असा ठेव की जो फक्त रात्री झोपताना घालायचा. जाड मोजे, स्वेटर, कानटोपी आणि तो जोड एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सगळ्यात तळाला टाक. दिवसभर घामाने ओलसर झालेल्या कपड्यांतच झोपलं की थंडी आत शिरते, मग कितीही पांघरलं तरी दात वाजायचे थांबत नाहीत. दिवसा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, ट्रॅकपँट किंवा सैल पँट, टोपी आणि एक पंचा. पंचा तोंड पुसायला, मानेवर ऊन झाकायला, अडीअडचणीला आडोशाला, सगळ्याला येतो. बूट मात्र नवे नकोत हं. नवेच घेतले असतील तर आज संध्याकाळीच घालून जिने चढउतार कर, आणि कुठे घासतंय ते बघून तिथे आत्ताच चिकटपट्टी लावायची सवय ठेव. फोड आल्यावर लावण्यापेक्षा टाच लाल दिसताच लावायची असते.

खायचं आई देईलच, तिला नाही म्हणू नकोस. फक्त पातळ भाजी आणि दही नको म्हणावं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, चिक्की, हे दोन दिवस टिकतं आणि चालता चालता खाता येतं. मीठ आणि साखरेची पुडी वेगळी ठेव. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, हे उन्हाने गळून गेलेल्या कुणालाही कामाला येतं. तुला नाही लागलं तर दुसऱ्या कुणाला लागेल.

आता तुझ्या मुख्य भीतीकडे येऊ. 'मला काही ओळखता आलं नाही तर?' बघ, पहिल्या थांब्यावर बस बहुतेक रस्त्याकडेच्या एखाद्या कापलेल्या दरडीपाशी उभी राहील. समोर काळपट-करडी भिंत असेल आणि सगळे वह्या काढून तिच्याकडे बघत असतील. घाबरू नकोस. आधी पाच पावलं मागे हो आणि अख्खी भिंत बघ. आडवे थर दिसतात का? मध्येच एखादा तांबडा पट्टा दिसतो का? मग जवळ जा. थराच्या वरच्या भागात बारीक भोकं असतील. घावनाला जाळी पडते ना, तशीच ही जाळी, लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर येऊन पडलेली. काही भोकांत पांढरे, चमकदार खडे भरलेले दिसतील. ते झिओलाइट गटातली खनिजं असू शकतात, कधी कॅल्साइट किंवा क्वार्ट्झही असतं. मॅडमकडे सौम्य आम्लाची बाटली असते. थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट समजायचं. आणि तो तांबडा पट्टा, ज्याला तुम्ही वर्गात रेड बोल म्हणता, तो दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळाची खूण. एक प्रवाह येऊन थंड झाला, त्यावर झीज झाली, काही काळ गेला, आणि मग वरून दुसरा आला. दख्खनचा हा सगळा पसारा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आज उरलेला भागच जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. एवढा मोठा विषय पहिल्याच थांब्यावर तुझ्या डोक्यात शिरावा अशी अपेक्षा कुणीच करत नाही गं. थर मोजलेस, रंग लिहिलास, भोकं वर आहेत की खाली ते पाहिलंस, की पहिल्या थांब्याचं काम चोख झालं.

हॅमर हातात आला की प्रत्येकाला तो मारून बघायचा असतो. मार, पण आधी गॉगल लाव आणि आजूबाजूला 'मारतेय' असं मोठ्याने सांग. बेसॉल्टची कपची डोळ्यात गेली तर टूर तिथेच संपते. एका हॅमरवर दुसरा हॅमर कधीही आपटायचा नाही, पोलादाचा तुकडा उडतो. दरडीच्या खाली कुणी उभं असताना वर ठोकायचं नाही. आणि नाणेघाटात गेलात की हॅमर सॅकमध्येच राहील, हे आत्ताच ठरवून टाक. तिथल्या लेण्यातला ब्राह्मी लेख सातवाहनांच्या काळातला आहे, नागनिका राणीशी जोडला जाणारा. दोन हजार वर्षं वाऱ्यापावसात टिकलेल्या त्या भिंतीला आपण टोचासुद्धा मारायचा नाही. तिथे कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाऊ नकोस. खालून कोकणातून येणारा वारा तिथे अचानक जोर धरतो. तिथला 'नानाचा अंगठा' हा कडा लांबून बघ. थरावर थर कसे रचलेत ते लांबूनच जास्त छान कळतं.

कंपासबद्दल एक सांगून ठेवते, कारण तिथे मुली रडकुंडीला येतात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे खडकाला अगदी चिकटून वाचन घेतलं तर काटा भरकटू शकतो. हॅमर आणि मोबाइलही लांब ठेवायचे. दोन-तीन ठिकाणी उभी राहून वाचन घे आणि जुळतात का बघ. शिवाय इथले प्रवाह जवळजवळ आडवेच आहेत, त्यामुळे नती, म्हणजे थरांचा कल, अगदी कमी येते. 'माझं काहीतरी चुकलं' म्हणून खोडरबर काढून बसू नकोस. आलं ते लिही आणि मॅडमना दाखव.

आणि वही! वहीवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा जास्त बोलते. पेन्सिलनेच लिही, जेल पेनाची शाई दवाने पसरते. प्रत्येक थांब्याला क्रमांक दे, तारीख, वेळ, जागा, टोपोशीटवर कुठे आहोत ते. मग एक चित्र काढ. चित्रकला येत नाही म्हणून सोडू नकोस. थरांच्या चार रेघा, उत्तरेचा बाण आणि बाजूला उंचीचं माप एवढं असलं तरी ते चित्र महिन्याभराने अहवाल लिहिताना फोटोपेक्षा उपयोगी पडतं. फोटो काढलास तर हॅमर किंवा नाणं शेजारी ठेव, म्हणजे आकार कळतो. डोळ्यांना दिसलं ते एका बाजूला लिही आणि त्यावरून जे वाटलं ते दुसऱ्या बाजूला. नमुना घेतलास तर क्रमांक दगडावरही लिही आणि पिशवीवरही. पिशव्या फाटतात आणि मग बसमध्ये सगळे काळे दगड सारखेच दिसतात. आणि मूठभर आकाराचा नमुना पुरे. ते दगड तुलाच उचलायचे आहेत, बाई!

समजलं नाही तर विचार. यावर मी फार आग्रही आहे. तुम्ही बोरीला जाल ना, कुकडीच्या काठी, तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर दाखवतील. ती राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली असं काही अभ्यासक म्हणतात, आणि काहींनी तिचं वय त्याहून कितीतरी जास्त काढलं. त्याच परिसरात दगडी हत्यारं सापडल्यामुळे हा वाद महत्त्वाचा ठरला. आयुष्य या कामात घालवलेल्या माणसांचं जिथे एकमत झालं नाही, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलीने 'सर, परत सांगता का?' म्हणायला कसली आलीय लाज? तू विचारलंस की मागे उभ्या असलेल्या निम्म्या वर्गाचा जीव भांड्यात पडतो, हे मी पैजेवर सांगते.

आता जरा जवळ ये, हळू बोलायच्या गोष्टी. पाणी. दिवसाला तीनेक लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, आणि टॉयलेटच्या भीतीने ते कमी करायचं नाही. कमी केलं की दुपारपर्यंत डोकं धरतं, मळमळतं, लघवीला जळजळ सुरू होते, आणि दोष मात्र उन्हाला जातो. सकाळी निघतानाच मॅडमना विचार, 'आज वाटेत सोय कुठे कुठे आहे?' प्रश्न अगदी साधा आहे, विचारायला लाजू नकोस. जिथे सोय नसेल तिथे मैत्रिणीला घेऊन जायचं, ओढ्यापासून किंवा विहिरीपासून शंभर पावलं तरी लांब, वीतभर खड्डा करायचा आणि माती ओढायची. कागद, पुसण्या वगैरे पिशवीत घालून परत आणायचं. हा कुणाचा तरी डोंगर आहे, कुणाचं तरी शेत आहे.

आणि एक गोष्ट मी दटावून सांगणार आहे. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. उसाच्या फडात ते राहतात, तिथेच त्यांची पिल्लं होतात, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. म्हणून अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आत उसाच्या कडेला एकटीने जायचं नाही म्हणजे नाही. खाली बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. दोघी-तिघींनी जायचं, टॉर्च लावायचा, मोठ्याने गप्पा मारत राहायचं. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुधा आपणहून बाजूला होतो. गावातले लोक रोज याच रानात वावरतात. ते काय सांगतात ते कान देऊन ऐक आणि तसंच वाग. रात्री तीन वाजता जावं लागलं तर शेजारणीला बिनधास्त उठव. तिलाही बहुधा जायचंच असतं.

पाळीची तारीख जवळ आलीय का? नसली तरी सामान बरोबर ठेव, प्रवासात आणि दगदगीत ती पुढेमागे होते. पॅड, कागदी पिशव्या, गडद रंगाची एक जास्तीची पँट, आणि पोट दुखलं तर तू नेहमी घेतेस तीच गोळी, काहीतरी खाल्ल्यावर. पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून परस्पर आणू नकोस, त्यासाठी डॉक्टरला विचारायचं असतं. वापरलेलं पॅड गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेव, उघड्यावर किंवा पाण्यात टाकायचं नाही. आणि बरोबरच्या मॅडमना सांगून ठेव. 'आज मी चढाला मागून येते' एवढं वाक्य पुरतं. सर असतील तरी सांग गं. शहाण्या शिक्षकाला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि ज्याला वाटतं त्याची अडचण तू का सोसायची?

संध्याकाळी तंबू. जागा निवडताना वर आणि खाली दोन्हीकडे बघ. वर वाळलेली फांदी किंवा आग्या मोहोळ नको, खाली ओढ्याचं कोरडं पात्र किंवा मुंगळ्यांचं वारूळ नको. खडे वेचून काढ, थोडा उतार असेल तर डोकं चढाच्या बाजूला. खुंट्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला तिरक्या ठोकायच्या. मुरमात खुंटी आत जात नसेल तर दोरी मोठ्या दगडाला बांध. तंबूची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेव. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं तर श्वासाची वाफ आतून जमते आणि पहाटे कपाळावर थेंब पडतात. थंडी खालून जास्त लागते, म्हणून चटईखाली वर्तमानपत्रं, रिकामी सॅक, मिळेल ते अंथर. पांघरूण त्यानंतरची गोष्ट.

बूट तंबूच्या आत, पिशवीत तोंड बांधून. सकाळी घालण्याआधी झटकायचे, दररोज, विंचू बसलेला असू शकतो. तंबूची चेन कायम लावलेली. आपल्याकडे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चार विषारी साप जास्त धोक्याचे. त्यातली मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कधी कधी दुखतही नाही. चेन लावलेल्या तंबूत झोपणं हाच त्यावर चांगला उपाय आहे. दगड उचलताना बोटं खाली घालू नकोस, आधी हॅमरच्या टोकाने आपल्या दिशेने उलटव. तरीही कुणाला काही चावलं असं वाटलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काहीही नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. हे पाठ करून ठेव, म्हणजे वेळ आलीच तर तूच बाकीच्यांना सांगशील.

गटात काम वाटताना एका गोष्टीवर लक्ष ठेव. मुलं हॅमर आणि कंपास उचलतात आणि मुलींच्या हातात वही येते, 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणून. अक्षर चांगलं आहेच तुझं, पण पहिल्याच दिवशी सांग की प्रत्येक थांब्यावर कामं बदलायची. भांडायची गरज नाही, हसत सांग, पण सांग. सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ होत्या आणि गिर्यारोहकही, आणि अदिती पंत आपल्या नागपूरच्या, समुद्रशास्त्रज्ञ. १९८३ मध्ये निघालेल्या भारतीय मोहिमेतून या दोघी अंटार्क्टिकावर गेल्या, अशा मोहिमेतल्या पहिल्या भारतीय बायका. त्यांनी तिथे जाऊन स्वतःच्या हाताने काम केलं. तुलाही कंपास स्वतःच्या हाताने धरता आला पाहिजे, परीक्षेत शेजारच्या मुलाला विचारता येणार नाही.

रात्री जेवणं आटोपली, सगळे तंबूत गेले की घराची आठवण येईल. कदाचित डोळे भरून येतील. येऊ देत. पण आईला काय सांगायचं ते दुपारीच ठरव, कारण रात्री रेंज असेलच असं नाही. निघण्यापूर्वी तिला सांगून ठेव की फोन आला नाही तर काळजी करू नकोस, आणि सरांचा नंबर देऊन ठेव. बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर टाक आणि रात्री कुशीत घेऊन झोप, थंडीने बॅटरी लवकर उतरते. झोपण्याआधी मात्र दहा मिनिटं टॉर्च लावून दिवसाची वही पुरी कर. कितीही दमलीस तरी. उद्या नवे दगड येतील आणि आजचे त्यात मिसळून जातील. लिहून झालं की शेजारणीशी थोडं बोल. तिलाही झोप आलेली नसते, बघ तू.

तुला वाटतंय तू कच्ची आहेस. माझं मत विचारशील तर, जी मुलगी टूरच्या आदल्या रात्री एवढ्या बारकाईने काळजी करते, ती फील्डवर नीटच काम करते, कारण तिचं लक्ष असतं. फक्त ती काळजी मनात दाबून ठेवू नकोस, उद्या सकाळपासून ती शब्दांत येऊ दे. पाणी हवंय, थांबायचंय, कळलं नाही, मला करून बघू द्या: ही चार वाक्यं न लाजता म्हणता आली की पहिला दिवस तुझा. ऊठ आता, तो जड हेअर ड्रायर बॅगेतून बाहेर काढ, पेन्सिलींना टोक कर आणि दहाच्या आत झोप.